सत्तावन्न झरोके : वीपुरीच्या ग्रंथालयाचं प्रकरण

दुसरं महायुद्ध संपल्यावर पश्चिम युरोपातल्या बऱ्याच वास्तुविशारदांची अशी समजूत झाली होती, की फिनिश वास्तुविशारद आल्वार आल्टोचं वीपुरीचं ग्रंथालय युद्धात पार गेलं. पुस्तकांत त्याचे फोटो छापले जात आणि मजकुरात इमारतीचा उल्लेख भूतकाळात असे. प्रत्यक्षात इमारत जागच्या जागी होती. देशाची सीमा मात्र तिच्यावरून सरकून पश्चिमेला गेली होती. फिनलंडचं वीपुरी आता सोव्हिएत संघाचं व्हिबोर्ग झालं होतं. तिथे कोणी बाहेरचा माणूस सहज जाऊन पाहून येईल, अशी सोय राहिलेली नव्हती.

हे प्रकरण निवडायचं कारण सांगतो. आधुनिक इमारती जुन्या झाल्या की त्यांचं काय करायचं, हा प्रश्न आता आपल्याकडेही दारात आलाय. सपाट छत गळतं, पांढरा गिलावा काळा पडतो, खिडक्यांच्या लोखंडी चौकटी गंजतात, आणि लोक म्हणतात, ‘यात जपण्यासारखं आहे काय? ना कमान, ना कोरीवकाम.’ वीपुरीच्या इमारतीच्या वाट्याला हे सगळं आलं. शिवाय युद्ध आलं, आणि मालक बदलला. तरीही ती दुरुस्त होऊ शकली. का होऊ शकली, याचं उत्तर तिच्या नकाशापेक्षा तिच्या छेदात, म्हणजे सेक्शनमध्ये (इमारत उभी कापली तर आत जे दिसेल त्या चित्रात) जास्त सापडतं.

गाव, पैसा आणि रखडलेलं काम

वीपुरी हे जुनं बंदराचं गाव. इथला किल्ला स्वीडिश लोकांनी १२९३ मध्ये उभारला. १९३० च्या आसपास हे फिनलंडमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर मानलं जाई, आणि बाजारात फिनिश, स्वीडिश, रशियन आणि जर्मन अशा चार भाषा ऐकू येत. गावातल्या लालुक्का नावाच्या व्यापारी दांपत्यानं मृत्युपत्रात ग्रंथालयासाठी पैसे ठेवले होते. देणगीदाराच्या नावानं वाचनालय उभं राहणं ही आपल्या गावांनाही ओळखीची गोष्ट आहे. फरक इतकाच, की तिथे पुढची पायरी म्हणून खुली स्पर्धा ठेवली गेली.

स्पर्धा १९२७ ची. निकाल १९२८ मध्ये लागला आणि पहिलं बक्षीस आल्टोला मिळालं. तो तेव्हा जेमतेम तीस वर्षांचा होता. पण ज्या नकाशांना बक्षीस मिळालं, ती इमारत आज कोणी पाहिली तर तिला आल्टोची म्हणणार नाही. तो आराखडा उत्तर युरोपातल्या त्या काळच्या अभिजात वळणाचा होता : भारदस्त प्रवेश, भिंतीवर शिल्पपट्टी, मोजूनमापून बसवलेली सममिती. त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये स्वीडिश वास्तुविशारद गुन्नार आस्प्लुंडचं सार्वजनिक ग्रंथालय उघडलं होतं. त्याचा ठसा या नकाशांवर उघड दिसतो.

मग काम रखडलं. जगभर मंदी आली, नगरपालिकेचा हात आखडला, आणि जागा कोणती यावर वाद सुरू झाला. शेवटी ठरलेली जागा टोर्केली उद्यानातली, मोठ्या गॉथिक धाटणीच्या चर्चच्या शेजारची. दर वेळी जागा बदलली की नकाशे नव्यानं. मधल्या काळात आल्टो तुर्कू शहरात राहिला, तिथे वर्तमानपत्राची कचेरी बांधली, पाइमिओचं क्षयरोग्यांसाठीचं आरोग्यधाम बांधलं आणि १९३३ मध्ये हेल्सिंकीत आला. या पाचसहा वर्षांत माणूसच बदलला. रखडलेल्या कामाला शिव्या घालायची आपली पद्धत आहे आणि ती रास्तही आहे. पण १९२८ मध्ये नगरपालिकेकडे पैसे असते, तर वीपुरीला आस्प्लुंडच्या इमारतीची एक चांगली धाकटी बहीण मिळाली असती, त्यापलीकडे काही नाही. प्रत्यक्ष बांधकाम १९३४ मध्ये सुरू झालं आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला ग्रंथालय लोकांसाठी उघडलं.

पहिल्या आराखड्यातली एक गोष्ट शेवटपर्यंत टिकली : मधोमध असलेलं, वेगवेगळ्या पातळ्यांवर उतरत जाणारं वाचकांचं दालन. खांब गेले, शिल्पपट्टी गेली, सममिती गेली. हा गाभा राहिला.

उजेड

इमारत म्हणजे दोन आयताकृती खोकी, एकमेकांना घासून थोडी पुढेमागे सरकवल्यासारखी. मोठ्या खोक्यात देवघेव विभाग आणि वाचनकक्ष, त्याच्या पोटात पुस्तकांचं कोठार आणि बालविभाग. लांबट, बुटक्या खोक्यात प्रवेशदालन, व्याख्यानगृह आणि वरच्या मजल्यावर कार्यालयं. बाहेरून सगळं पांढरं, सपाट छपराचं.

मोठ्या खोक्याच्या वरच्या भागाला बाजूच्या खिडक्याच नाहीत. वाचनालयाला खिडक्या नाहीत म्हटलं की आपल्याला घुसमटल्यासारखं होतं. पण विचार करून पाहा : खिडकी असली की उजेड एका बाजूनं येतो, वाचणाऱ्याच्या स्वतःच्या हाताची आणि डोक्याची सावली पानावर पडते, खिडकीजवळच्या टेबलावर डोळे दिपतात आणि मधल्या टेबलावर अंधार. शिवाय खिडकी जेवढी भिंत खाते, तेवढी कपाटं कमी. आल्टोनं भिंती पूर्ण मोकळ्या ठेवून पुस्तकांना दिल्या आणि उजेड छतातून आणला.

छताच्या स्लॅबमध्ये ५७ गोल झरोके आहेत, प्रत्येक सुमारे १.८ मीटर व्यासाचा. झरोका म्हणजे नुसतं भोक नव्हे. काँक्रीटचं खोल, शंकूसारखं नरसाळं आहे आणि त्याच्या माथ्यावर काच. नरसाळं किती खोल हवं, हे ठरवताना हिशेब सूर्याचा केला. वीपुरी विषुववृत्तापासून ६० अंशांहून जास्त उत्तरेला आहे. भर उन्हाळ्यात, जूनच्या दुपारीसुद्धा तिथे सूर्य क्षितिजापासून साधारण ५२ अंशांच्या वर चढत नाही. नरसाळं इतकं खोल ठेवलं, की त्या कोनातून येणारा किरण थेट खाली न पोचता आतल्या पांढऱ्या पृष्ठभागावर आपटावा आणि तिथून विखरून खाली यावा. एका झरोक्याचा उजेड दुसऱ्याच्या उजेडात मिसळतो. अशा ५७ दिशांनी आलेल्या उजेडात पानावर ठळक सावली पडत नाही. आल्टोचं म्हणणं साधं होतं : पुस्तक कसंही धरा, कुठेही बसा, डोळ्याला त्रास होता कामा नये.

रात्रीची सोयही याच तर्कानं केली. दिवे पुस्तकांवर रोखलेले नव्हते. ते वरच्या पांढऱ्या भिंतींवर उजेड टाकत आणि भिंती तो वाचकाला परत देत.

इथे एक इशारा देतो, कारण आपल्याकडच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या शीटवर हे गोल झरोके दरवर्षी उगवतात. पुण्यात किंवा नागपुरात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. वीपुरीचं नरसाळं जसंच्या तसं तिथे बसवलं, तर मे महिन्यात भर दुपारी वाचकाच्या पानावर उन्हाचं लखलखीत ताट पडेल, आणि दालनाची भट्टी होईल ती वेगळीच. हा झरोका एका अक्षांशाचं उत्तर आहे. घ्यायचा असेल तर हिशेब घ्यावा.

याच छतात गरम पाण्याच्या नळ्याही खेळवल्या होत्या, म्हणजे ऊबही उजेडासारखी वरून, सारखी पसरून यायची. वाचनकक्षाच्या विटांच्या भिंती पाऊण मीटर जाडीच्या, आणि त्या जाडीत हवा खेळवण्याचे मार्ग लपवलेले. बाहेरून जी भिंत नुसती कोरी, पांढरी आणि थोडी निर्विकार दिसते, तिच्या पोटात इतकं काम चालतं.

आल्टोनं नंतर लिहून ठेवलंय, की या ग्रंथालयाचा पेच सुटेना तेव्हा तो काही दिवस गरजा, तांत्रिक अटी सगळं बाजूला ठेवून लहान मुलासारखी चित्रं काढत बसला : डोंगरउतार आणि त्यांच्यावर एकाच वेळी अनेक सूर्य. दालनाच्या उतरत्या पातळ्या आणि छतातले अनेक ‘सूर्य’ तिथून आले. ही कथा त्यानं मागाहून जरा साजरी करून सांगितली असणं शक्य आहे, वास्तुविशारद तसं करतात. पण छेद पाहिला की डोंगर दिसतो खरा.

डोंगर म्हणजे असा : वाचक जिना चढून वर येतो आणि त्याला मधोमध खोलगट, पुस्तकांनी वेढलेलं दालन दिसतं. पायऱ्या दोन्ही बाजूंनी उतरतात. पायऱ्यांच्या माथ्यावर ग्रंथपालाचं टेबल. तिथून बसल्या जागी देवघेवही दिसते आणि वाचनकक्षही. दोन माणसांत अख्खं दालन सांभाळता येईल, अशी ती बैठक आहे. आपल्याकडच्या कुठल्याही वाचनालयात काम केलेल्या माणसाला या एका टेबलाची किंमत कळेल.

कोण कुठल्या दारानं आत येतो

बालविभागाचं दार वेगळं आहे आणि ते उद्यानाच्या बाजूला उघडतं. घसरगुंडीवरून थेट पुस्तकात, मोठ्यांच्या शांततेतून चोरपावलांनी जायची गरज नाही. वर्तमानपत्रांच्या कक्षालाही स्वतंत्र दार होतं, रस्त्याकडून, खालच्या पातळीवर. आपल्या गावांतल्या मुक्तद्वार वाचन विभागाचीच ही तऱ्हा : ना वर्गणी, ना सही, कामावर जाताजाता आत शिरायचं, उभ्याउभ्या मथळे वाचायचे आणि निघायचं. मुख्य दार गंभीर वाचकासाठी आणि व्याख्यानाला येणाऱ्यांसाठी. त्याच्या शेजारी काचेच्या भिंतीमागे वरच्या कार्यालयांकडे जाणारा जिना.

बाकी खोल्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कार्यालयं ही कार्यालयं आहेत.

आवाज

व्याख्यानगृह लांबट आणि अरुंद. एका बाजूला उद्यानाकडे पाहणाऱ्या खिडक्यांची लांब रांग. असा हॉल बोलण्यासाठी वाईट. पुढच्याचं मागच्याला नीट ऐकू जात नाही, मागच्यानं प्रश्न विचारला तर पुढे पोचत नाही. आल्टोनं पाइनच्या लाकडाच्या अरुंद पट्ट्यांचं छत बसवलं आणि ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाटांसारखं वळवत नेलं. त्याच्या नकाशांवर वक्त्याच्या तोंडातून निघणाऱ्या रेषा छतावर आपटून श्रोत्यांवर उतरताना दाखवल्या आहेत. श्रोता जागेवरून बोलला तरी त्याचा आवाज सभागृहभर जावा, असा हेतू होता. मंचावरचा एकटा बोलणार आणि बाकीचे ऐकणार, असं त्याच्या मनात नव्हतं. ही चर्चेची जागा होती.

त्या रेषा मला थोड्या भाबड्या वाटतात. आवाज प्रकाशासारखा सरळ रेषेत जाऊन उसळतो असं धरून त्या काढल्या आहेत. उंच स्वरांना ते बऱ्यापैकी लागू पडतं. पण पुरुषी आवाजाच्या खर्जातल्या, सेकंदाला शंभरएक कंपनांच्या ध्वनीची लाट सव्वातीन-साडेतीन मीटर लांब असते. तिला छताचे हे उंचवटे रेषेत दाखवलंय तितके दिसतच नाहीत. म्हणून छताची लाट पूर्णपणे हिशेबातून आली, यावर माझा विश्वास बसत नाही. झरोक्यांत हिशेब पुढे आणि रूप मागे आहे, इथे उलट. पण लांबट कोंदट हॉलचा अंगरखा बदलायला तिनं जे केलं, ते फोटोतसुद्धा कळतं. पुढे लाकडाची वळणं आल्टोच्या कामात वारंवार येत राहिली.

याच हॉलमध्ये त्याची तीन पायांची स्टुलं मांडली होती. बर्च लाकडाच्या पायाच्या वरच्या टोकाला उभ्या चिरा पाडायच्या, त्यांत पातळ पापुद्रे सरस लावून सरकवायचे आणि मग तो भाग काटकोनात वाकवायचा. सांधा नाही, कोपरा नाही, पाय थेट बैठकीखाली स्क्रूनं बसतो. एकावर एक रचली की पाय गोल जिन्यासारखे फिरत वर जातात. ही स्टुलं १९३३ पासूनची. ती विकण्यासाठी आर्टेक ही कंपनी १९३५ मध्ये निघाली, ग्रंथालय उघडलं त्याच वर्षी. आज जगभरच्या कॅफेंत त्यांच्या नकला दिसतात.

रिकामी दहा वर्षं

ग्रंथालय वीपुरीकरांना लाभलं जेमतेम चार वर्षं. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत सैन्यानं फिनलंडवर हल्ला केला. मार्च १९४० च्या तहात वीपुरी गेलं. १९४१ च्या ऑगस्टमध्ये फिनिश सैन्यानं ते परत घेतलं आणि जून १९४४ मध्ये ते पुन्हा, कायमचं गेलं. सोडाव्या लागलेल्या प्रदेशातून चार लाखांहून जास्त माणसं फिनलंडमध्ये हलवली गेली. गावात जे नवे लोक राहायला आले, त्यांना ना हे ग्रंथालय माहीत होतं ना त्यातली भाषा.

शेजारचं उंच चर्च बॉम्बहल्ल्यात मोडलं आणि पुढे त्याचे अवशेषही काढून टाकले गेले. ज्या इमारतीशेजारी हे पांढरं खोकं शोभणार नाही अशी शंका होती, तीच उरली नाही. ग्रंथालयाला मात्र युद्धाचा मार त्या मानानं कमी बसला.

खरं नुकसान त्यानंतर झालं. साधारण दहा वर्षं इमारत बिनवापराची पडून होती. काचा फुटलेले झरोके, सपाट छत, आणि वर्षातले कितीतरी महिने बर्फ. बर्फ वितळतो, पाणी भेगेत शिरतं, रात्री पुन्हा गोठतं आणि भेग रुंदावतं. लाकूड, फर्निचर, आतलं सामान गेलं. व्याख्यानगृहाचं लाटांचं छतही गेलं. बाँबपेक्षा ओल जास्त चिकाटीची असते, हे कोकणातल्या बंद घराच्या मालकाला सांगायला नको.

१९५० च्या दशकात दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा एक आराखडा असा होता, की इमारतीला स्टालिनकालीन पद्धतीचा अभिजात मुखवटा चढवावा. म्हणजे आल्टोनं १९२८ नंतर जे उतरवून ठेवलं होतं, ते पुन्हा अंगावर. ते टळलं. प्योत्र रोझेनब्लुम या वास्तुविशारदानं मूळ रूपाच्या जवळ जाणारी दुरुस्ती केली, तीही मूळ नकाशे हाताशी नसताना. १९६१ मध्ये ग्रंथालय पुन्हा उघडलं, नाव लेनिनची पत्नी नादेज्दा क्रुप्स्काया हिचं. तपशिलात अनेक गोष्टी चुकल्या, हे खरं. पण झरोके झरोके राहिले, दालन खोलगट राहिलं, ग्रंथपाल त्याच उंचीवर बसला. नकाशे नसताना हे कसं साधलं? मला वाटतं, या छेदाचं कारण त्याच्याकडे पाहूनच कळत होतं. खोल झरोका कशासाठी आहे हे त्याच्याखाली पुस्तक धरून उभं राहिलं की समजतं. तो बुजवायचा असेल तर त्या जागी दुसरं काहीतरी सुचवावं लागतं. शिल्पपट्टी असती, तर ती छिन्नीनं उडवायला कोणाला कारण लागलं नसतं. रोझेनब्लुमचं नाव या इमारतीच्या गोष्टीत बहुतेकजण एका ओळीत उरकतात. तो अन्याय आहे.

वीस वर्षांची दुरुस्ती

सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, फिनिश आणि रशियन मंडळींनी मिळून काम हाती घेतलं. आल्टोची दुसरी पत्नी एलिसा, जी स्वतः वास्तुविशारद होती, तिचा यात पुढाकार होता. ती १९९४ मध्ये गेली. फिनलंडमध्ये जीर्णोद्धार समिती स्थापन झाली आणि माइया काइरामो या वास्तुविशारद बाईंनी हे काम वर्षानुवर्षं लावून धरलं. मूळ नकाशे आल्टोच्या कार्यालयाच्या संग्रहात हेल्सिंकीत सुरक्षित होते. यावेळी ते हातात होते.

पैसा मात्र थेंबाथेंबानं येत होता. त्यामुळे कामाचा क्रम पैशानं ठरवला : या वर्षी जिन्याची काचेची भिंत, पुढे छताचा एक भाग, मग झरोके. मधल्या काळात वाचनालय चालूच. एका बाजूला परांची बांधलेली आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकांची देवघेव. बाहेरच्या लोकांना हे रडतखडत चाललेलं काम वाटलं असेल; वास्तुजतनासाठी काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत ही इमारत २००० आणि २००२ मध्ये होती. पण या संथपणाचा एक फायदा झाला. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्याचे दोन हिवाळे पाहायला मिळाले. गळतंय का, गंजतंय का, हे पाहून पुढचं पाऊल टाकता आलं. व्याख्यानगृहाचं लाटांचं छत नकाशांवरून पुन्हा बनवलं.

२०१० मध्ये रशियन सरकारकडून मोठी रक्कम मंजूर झाली आणि उरलेलं काम एकदम वेगानं पुरं झालं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ग्रंथालय पूर्ण दुरुस्त होऊन उघडलं. पुढच्या वर्षी आधुनिक वास्तूंच्या जतनासाठीचं वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड-नोल पारितोषिक या कामाला मिळालं. आता ग्रंथालय आल्टोच्या नावानं ओळखलं जातं.

एक प्रश्न उरतो आणि तो जतनाच्या कामात नेहमी उरतो. व्याख्यानगृहातलं आजचं लाकूड १९३५ चं नाही. मग ते आल्टोचं का? दगडी मंदिराच्या बाबतीत आपण मूळ दगडाला जपतो, त्याच्यावरच्या छिन्नीच्या खुणांना जपतो. इथे कारागिराचा हात तसा उमटलेलाच नव्हता. पट्ट्या यंत्रानं कापलेल्या, वळण नकाशावर नेमून दिलेलं. म्हणून नव्या पट्ट्यांबद्दल मला फारशी हळहळ वाटत नाही. हळहळ वाटते ती वाचकांची. ज्या गावानं मृत्युपत्राच्या पैशातून हे बांधलं, ते गाव फिनलंडभर विखुरलं आणि परत आलं नाही. आज त्या खोलगट दालनात बसणारा वाचक रशियन पुस्तक वाचतो.

डिसेंबरात तिथे दुपारी चारलाच अंधार पडतो. दुपारी बारा-एकलाही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम सहा अंश वर असतो, झरोक्यांच्या तोंडाशी राखाडी उजेड रेंगाळतो आणि निघून जातो. मग दिवे लागतात, वरच्या भिंती पांढऱ्याशुभ्र होतात. बालविभागाचं दार अजून उद्यानाकडेच आहे, आणि आत येणारी पोरं बुटांचा बर्फ तिथेच झटकतात.